पठारावरची हजेरी

आम्ही तिघे एकाच उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. एक गणित, एक भूगोल आणि एक उर्दू. तिघेही सायकलने शाळेला जातो. सुरुवातीला कारण पेट्रोलचे होते, पुढे सवय झाली आणि सवयीचा नाद झाला. रविवारी फज्रनंतर शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडायची, वाघबीळचा घाट चढायचा आणि परत येताना गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध प्यायचे. कोल्हापूरच्या माणसाला व्यायामासाठी कारण लागत नाही. व्यायामानंतरच्या दुधासाठी मात्र व्यायाम लागतो.

या नादामुळेच आमच्याकडे ते काम आले. पन्हाळ्याच्या बाजूला डोंगरवाटेवरची धावण्याची शर्यत होती. तिच्या आयोजकांतला एकजण घाटात आम्हाला नेहमी भेटायचा. त्याने विचारले, ''सर, एक दिवस द्याल का? पठारावर सायकलवरून गस्त घालायला माणसे हवीत.'' आम्ही हो म्हणालो. घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आले, की आपण फारच लगेच हो म्हणालो.

अशा शर्यती आता आपल्याकडे रुजल्या आहेत. साताऱ्यात डोंगररस्त्यावरची अर्धमॅरेथॉन 2012 पासून होते. सिंहगड, राजगड, तोरणा असा गडांवरून पळण्याचा पराक्रमही लोक करतात. डांबरी रस्त्यावरच्या शर्यतीत चुकायला जागा नसते. दोन्ही बाजूंना माणसे असतात, पाणी असते. डोंगरवाटेवर तसे नाही. तिथे धावणारा तासन्‌तास एकटा असतो. वाट दाखवायला करवंदीच्या जाळीला बांधलेली एक रंगीत फीत, एवढाच काय तो आधार. ती फीत जागेवर आहे ना, कोणी चुकले नाही ना, कोणी खाली बसले नाही ना, हे पाहत फिरायचे, हे गस्तीचे काम. दरीतल्या वाटांवर सायकल चालत नाही. पण मसाईचे पठार म्हणजे जांभ्या दगडाचा सपाट माळ. तिथे सायकलवाला पायी माणसापेक्षा तिप्पट वेगाने पोचतो.

कामाआधी एक दिवस प्रशिक्षण होते. तिथे चीनमधल्या गान्सू प्रांतातल्या शर्यतीची हकिकत सांगितली गेली. 22 मे 2021 रोजी तिथे 100 किलोमीटरची डोंगरशर्यत होती, 172 जण धावत होते. दुपारी अचानक गारा, पाऊस आणि वादळी वारा सुटला. अंगावर पातळ कपडे, वाट उंचावरची, मदत पोचायला वेळ. 21 माणसे थंडीने मेली. जे वाचले त्यांतल्या सहा जणांना जू केमिंग नावाच्या एका मेंढपाळाने आपल्या गुहेत नेऊन शेकोटीपाशी ऊब दिली होती. प्रशिक्षण देणारे डॉक्टर म्हणाले, ''यंत्रणा पोचेपर्यंत जवळचा माणूसच यंत्रणा असतो.'' आम्ही शिक्षक असल्यामुळे हे वाक्य वहीत लिहून घेतले.

उन्हाबद्दलही त्यांनी सांगितले. घाम येतो आहे की थांबला आहे, यावर विसंबू नका. माणूस असंबद्ध बोलू लागला, स्वतःचा क्रमांक चुकीचा सांगू लागला, की धोका ओळखा. अशा माणसाला तोंडाने काहीही पाजू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला. आधी थंड करा, मग हलवा.

शेवटी एक कागद भरून द्यायचा होता. रक्तगट, घरचा फोन, सायकलचा प्रकार, आणि एक रकाना : 'जॅकेटवर छापायचे नाव'. त्या रकान्यापाशी आमचे पेन थांबले.

हे का थांबले ते सांगायला हवे. कोल्हापूर-सांगलीकडे पाटील, देसाई, जमादार, नाईकवडी ही आडनावे दोन्ही घरांत आहेत. आमच्यातल्या एकाचे आडनाव असेच दोन्हीकडे चालणारे. दुसऱ्या दोघांचे तसे नाही, पण इंग्रजी आद्याक्षरे लिहिली की काही कळत नाही. 7 जून 2023 रोजी मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापूर पेटले, दगडफेक झाली, इंटरनेट बंद झाले. त्या आठवड्यात आपल्या गल्लीतून बाहेर पडताना आपण कोणत्या रस्त्याने जातो, याचा हिशेब आम्ही आयुष्यात पहिल्यांदा केला. मग 14 जुलै 2024. विशाळगडच्या अतिक्रमणाचे निमित्त, आणि पायथ्याच्या गजापुरात मुसलमानांची घरे आणि मशीद फोडली गेली. त्या घरांतल्या लोकांचा गडावरच्या वादाशी काय संबंध होता, हे आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारले होते. आम्ही तिला भूगोल शिकवला. गजापूर कुठे, विशाळगड कुठे, मधे किती अंतर. उत्तर दिले नाही.

आम्ही वर्षानुवर्षे एक वाक्य बोलत आलो : शाहूंच्या कोल्हापुरात असे होत नाही. ते वाक्य खोटे नव्हते. 1906 साली शाहू महाराजांनी मुसलमानांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली, तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग त्याची साक्ष आहे. आमच्या घरांतल्या आधीच्या पिढ्या त्या पुण्याईवर शिकल्या. पण पुण्याई म्हणजे बँकेतली ठेव. कोणी भर घातली नाही आणि सगळे काढतच राहिले, तर एक दिवस संपते. आमच्या पिढीने त्यात काय भरले, हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारला नव्हता. कदाचित म्हणूनच आम्ही त्या कामाला इतक्या लगेच हो म्हणालो असू. पळणाऱ्यांची काळजी हे एक कारण होते. आम्हीही इथलेच आहोत, हे कोणाला तरी दाखवायचे, हे दुसरे. आणि तरीही नावाच्या रकान्यात आम्ही काय लिहिले? एकाने आडनाव, दोघांनी आद्याक्षरे.

शर्यत फेब्रुवारी 2025 च्या शेवटच्या रविवारी होती, 23 तारखेला. रमजान आठवड्यावर आला होता. आणि त्याच दुपारी दुबईत भारत-पाकिस्तान सामना होता. घरातून निघताना आमच्यातल्या एकाची अम्मी म्हणाली, ''बेटा, आज मॅच है. मगरिब के पैले घर आव.'' सामन्याच्या दिवशी मुलाला लवकर घरी बोलावणाऱ्या आया या देशात किती असतील, त्यांची मोजदाद कोणी करत नाही.

पहाटे पन्हाळ्यावर पोचलो. सायकली टेम्पोतून उतरवल्या. तीन दरवाजाच्या अलीकडे गवतावर जॅकेट अंथरून फज्र पढली. सलाम फिरवला तेव्हा पाठीमागे फितींची गुंडाळी घेऊन एक स्वयंसेवक मुलगा थांबलेला दिसला. तो एवढेच म्हणाला, ''झालं का सर? उजाडायच्या आत फिती बघायच्यात.'' आम्ही लगबगीने उठलो.

ही वाट कोणती, हे कोल्हापूरच्या वाचकाला सांगायला नको. 12 जुलै 1660 च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा चुकवून याच बाजूने विशाळगडाकडे गेले. नेबापूरच्या शिवा काशिदाने महाराजांचे सोंग घेऊन मरण पत्करले, बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवली. दर जुलैत हजारो लोक पन्हाळा ते पावनखिंड चालत जातात. आमच्या शाळेतही हा पाठ असतो. तो शिकवताना मुले एका जागी हमखास गप्प होतात. वेढा घालणारा सिद्दी जौहर, पाठलाग करणारा सिद्दी मसूद. नावे आपल्यासारखी आणि बाजू समोरची. म्हणून आम्ही तिथे पुस्तकाबाहेरची एक गोष्ट जोडतो. नेताजी पालकरांबरोबर हा वेढा फोडायला सिद्दी हिलाल आला होता, आपल्या वाहवाह नावाच्या मुलाला घेऊन. त्या लढाईत वाहवाह घायाळ होऊन शत्रूच्या हाती पडला. बाप मागे फिरला, मुलाला सोडवू शकला नाही. हे सांगितले की वर्गात जरा हालचाल होते. कोणीतरी विचारतो, ''सर, वाहवाह कित्ते बरस का था?''

तुरुकवाडीवरून खाली म्हाळुंग्याकडे आणि तिथून पठारावर असा धावणाऱ्यांचा मार्ग होता. तुरुकवाडीची पाटी दिसल्यावर आमच्यातला भूगोलवाला हसला आणि म्हणाला, ''चला, एक गाव तरी आपल्या नावावर आहे.'' पठारावरचा साताठ किलोमीटरचा टप्पा आमच्याकडे होता. जाळीला बांधलेल्या फितींपैकी निम्म्या शेळ्यांनी खाल्लेल्या होत्या. त्या पुन्हा बांधत गेलो. हे पठार 2022 पासून संवर्धन राखीव आहे. त्यामुळे मळलेली वाट सोडायची नाही, कचरा टाकायचा नाही आणि संध्याकाळी प्रत्येक फीत परत उचलायची, अशी ताकीद होती.

नऊच्या सुमारास पहिले धावक वर आले. त्यांचे पाय दगडाला लागतात की नाही, असे वाटावे असे पळत होते. नंतर मधले आले. हे हसतात, फोटो काढतात, पाणी मागतात. शेवटी उरतात ते खरे आमच्या कामाचे. चुकीचे बूट घातलेले, सकाळी काही न खाता आलेले, मित्राशी पैज लावून आलेले. वर्गातही शेवटच्या बाकावरची मुले ओळखीची होतात ती अशीच.

गणिताच्या सरांना मोजायची खोड. पठाराच्या सुरुवातीला ते क्रमांक लिहून घेत होते, पठार संपते तिथला स्वयंसेवक दुसरीकडे लिहीत होता. साडेअकराला वॉकीटॉकीवर पडताळा घेतला. इकडून 143 गेले होते, तिकडे 142 पोचले होते. तिकडचा म्हणाला, ''एखादा लिहायचा राहिला असेल सर.'' गणिताचे सर म्हणाले, ''वर्गात एक पोरगा कमी भरला तर आम्ही सुटीची घंटा देत नाही.'' दोन्ही याद्या आकड्याने आकडा जुळवल्या, तेव्हा एक क्रमांक सापडला नाही.

आम्ही तिघे पांगलो. एका ठिकाणी फीत नव्हती. दोन तासांपूर्वी आम्हीच बांधलेली, पुन्हा एखाद्या शेळीच्या पोटात गेलेली. तिथून जनावरांची एक पायवाट कडेने खाली उतरत होती. मऊ मातीत बुटाचा ताजा ठसा होता. शिट्टी वाजवली. सायकली आडव्या टाकून उतरलो. खाली धनगरांची दोन खोपटी, आणि त्यांच्या अलीकडे एका दगडाला टेकून तो बसलेला.

बावीस-तेवीस वर्षांचा असेल. कमावलेले शरीर, तालमीतले. कपाळाला भगवी पट्टी. चेहरा लालबुंद, अंग तापलेले. नाव विचारले तर त्याने आईला हाक मारली. क्रमांक विचारला तर छातीवर 61 असताना 16 म्हणाला, आणि मग म्हणाला, ''भरतीची लाइन कुठाय?'' पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा असावा. डॉक्टरांचे शब्द आठवले. वॉकीटॉकी लावली, तर कड्याच्या आड नुसती खरखर. मोबाइललाही रेंज नाही. भूगोलाचे सर उलटे वर पळाले, सायकल उचलली आणि पठाराच्या मध्यावर जिथे सकाळी आवाज नीट येत होता तिकडे सुटले. सायकलगस्त कशाला लागते, ते आम्हाला त्या क्षणी नीट समजले.

उरलेल्या दोघांनी त्याला ओढत झाडाच्या सावलीत नेले. बूट काढले, कपाळावरची पट्टी सोडली. पट्टी हातात आली तेव्हा एक विचार मनात येऊन गेला : गेल्या जुलैत हा कुठे होता? तो विचार आम्ही बोलावून आणला नव्हता, आला. ज्याला स्वतःचा क्रमांक सांगता येत नाही, त्याच्याबद्दल हा विचार आला, याची शरम वाटली. पण शरम वाटली म्हणून तो आलाच नव्हता, असे लिहिणे खोटे होईल. पट्टी भिजवून त्याच्या मानेवर ठेवली.

आमच्या बाटल्यांतले पाणी दोन मिनिटांत संपले. तेवढ्यात खोपटातून एक म्हातारी आली. डोक्यावर भरलेली घागर, हातात तांब्या. तांब्यात ताक होते. ''पाजा की त्येला. उन्हाचं खार घालून आणलंय.'' आम्ही म्हणालो, ''आजी, शुद्धीवर नाही. छातीत जाईल. पाणी द्या, अंगावर ओतायला हवं.'' तिने घागरीकडे पाहिले. वर पठारावर फेब्रुवारीतल्या पाण्याची किंमत काय असते, ते तिच्या त्या पाहण्यातून कळले. मग ती म्हणाली, ''वता.'' आम्ही ती घागर थोडीथोडी करून त्याच्या डोक्यावर, काखेत, मांड्यांवर रिती केली. जॅकेट काढून वारा घालत राहिलो. म्हातारी काही न बोलता परत गेली आणि दुसरी घागर घेऊन आली.

दहा-पंधरा मिनिटांनी तो जरा शांत झाला. म्हातारी उकिडवी बसली. ताकाचा तांब्या आमच्यापुढे सरकवला. ''तुमी तर प्या. कुठलं म्हणायचं तुमी?''

''कोल्हापूर.''

''नाव काय?''

दोन्हीकडे चालणारे आडनाव असलेले सर म्हणाले, ''आम्ही मास्तर आहोत, आजी.'' आणि फक्त आडनाव सांगितले. दुसऱ्याने काहीच सांगितले नाही. तांब्या तोंडाला लावला.

''मास्तर व्हय,'' म्हातारी म्हणाली. तिचे समाधान झाले. पोराच्या अंगावरची माशी वारत ती आपल्याच नादात बोलत राहिली. तिचा थोरला लहानपणी असाच तापाने फणफणला होता. तेव्हा तिने विशाळगडच्या पिराला नवस बोलला होता. ''मलिक रेहानबाबा. पोरगं उठलं. मग वरसातनं एकदा जायचो, कोंबडं घिऊन. आता पाय चालत न्हाईत, आन्‌ तितं बी कायबाय झालं म्हनत्यात.''

ताक घशाखाली उतरेना. आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही. ज्या बाईने आपल्या दिवसभराचे पाणी एका अनोळखी पोरावर ओतू दिले, जिचा नवस आमच्याच दर्ग्यावर फिटला, तिच्यापासून आम्ही आपले नाव लपवले होते. तिने ते विचारले होते साध्या रिवाजाने, जसे डोंगरातले कोणीही विचारते. भीती तिच्या प्रश्नात नव्हती. ती आम्ही कोल्हापुरातून सायकलवर घालून वर आणली होती.

वरून शिट्टी ऐकू आली. कच्च्या रस्त्यापर्यंत रुग्णवाहिका आली होती. भूगोलाचे सर दोन माणसे आणि स्ट्रेचर घेऊन उतरले. सगळ्यांनी मिळून पोराला वर नेले. म्हातारी रिकामी घागर कमरेवर घेऊन मागून आली. त्याला आत घेतल्यावर गाडीतल्या कर्मचाऱ्याने नोंदवही काढली. रुग्ण ताब्यात देणाऱ्याचे नाव. ''पूर्ण नाव सांगा, वडलांच्या नावासकट.''

गणिताच्या सरांनी क्षणभर वेळ घेतला. मग स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, मोठ्याने सांगितले. वर्गात हजेरी घेताना घेतात तसे. त्यांच्यापाठोपाठ दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. कर्मचाऱ्याने तिन्ही नावे लिहिली, एकाच्या वडिलांच्या नावाचे ऱ्हस्वदीर्घ विचारून घेतले आणि सही मागितली. उर्दूच्या सरांनी हाताच्या सवयीने उजवीकडून डावीकडे सही केली. तो म्हणाला, ''वेळ पण टाका सर,'' आणि दार लावले.

गाडी गेली. म्हातारी आमच्याकडे पाहत होती. म्हणाली, ''मगा आडनाव सांगितलं आन्‌ नाव गिळलं व्हय? नाव सांगायला काय पैसं पडत्यात?''

यावर आम्हाला काही बोलता आले नाही. घागरी कुठून भरतात ते विचारले. झरा बराच खाली होता. आमच्यातले दोघे तिच्या दोन्ही घागरी घेऊन उतरले आणि भरून तिच्या खोपटापाशी ठेवल्या. ती म्हणाली, ''ऱ्हावू द्या की,'' पण अडवले नाही.

दुपारी जुहर पठारावरच पढली. मग फिती उचलत गेलो. संध्याकाळी पन्हाळ्यावर कळले, की पोरगा पूर्ण शुद्धीवर आहे, धोका टळला आहे. परतताना वाघबिळात एका टपरीवर टीव्ही लागला होता. पाकिस्तानची फलंदाजी चालली होती, माणसांची गर्दी होती. आम्ही रस्त्यापलीकडे थांबलो. कोणीतरी जॅकेट पाहून म्हणाले, ''या की सर, हितनं दिसतंय.'' आम्ही गेलो, दोन षटके पाहिली, आणि अम्मीची आठवण होऊन निघालो. रात्री भारत सहा गडी राखून जिंकला. विराट कोहलीचे शतक झाले. आमच्या गल्लीतली पोरे ओरडत रस्त्यावर आली, तेव्हा त्यांना आत बोलवावे की बाहेर राहू द्यावे, या विचारात आम्ही दारात उभे होतो. ती तोवर चौकात पोचली होती.

त्या मुलाचा फोन आला नाही. आम्ही वाट पाहिली नाही, असे म्हणणार नाही. त्याला बहुधा त्या दुपारचे काही आठवतही नसेल, म्हातारीही नाही आणि आम्हीही नाही. त्याच्या मनात आमच्याबद्दल काय आहे, हे आम्हाला ठाऊक नाही. पण आमच्या मनात त्याच्याबद्दल काय आले होते, हे ठाऊक आहे. हिशेब करायचाच, तर आधी स्वतःच्या पानाचा करावा लागतो.

सोमवारी वर्गात हजेरी घेताना एक मुलगा नेहमीप्रमाणे तोंडातल्या तोंडात 'हाजिर' म्हणाला. एरवी आम्ही पुढचे नाव घेतो. त्या दिवशी थांबलो आणि म्हणालो, ''जोर से बोल बेटा. सुनाई देना.'' का थांबलो, ते त्याला सांगितले नाही.

पुढच्या शर्यतीचा कागद परवा आला आहे. रकाने तेच आहेत : रक्तगट, घरचा फोन, सायकलचा प्रकार, जॅकेटवर छापायचे नाव. आम्ही तिघांनी स्टाफरूममध्ये बसून तो भरला. भीती गेली, असे नाही; घरी अजून विचारलेलेही नाही. छापणाऱ्याने विचारले, ''सर, एवढं लांब नाव पाठीवर बसेल का?'' आम्ही म्हणालो, ''अक्षर बारीक करा, पण पूर्ण बसवा.''